मील प्लॅन घ्यायचा का? आधी आत्याबाई दिवसभरात काय खातात ते लिहून काढा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. त्यांचे दीर अटलांटाला असतात. मे महिन्याच्या शेवटी ताई, त्यांचे मिस्टर, सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा असे पाच जण तिकडं निघालेत, आणि तिथून दिरांची तिघांची फॅमिली धरून आठ जण गाडीनं ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डला जाणार, पाच रात्री, डिस्नीच्याच हॉटेलात. दीर म्हणतात, "वहिनी, डायनिंग प्लॅन घेऊन टाकू, एकदाच पैसे भरायचे, डोक्याला ताप नको." मिस्टर म्हणतात, "एवढ्या पैशात इथं अख्खं रस्सा मंडळ जेवतंय की!" सासूबाई, म्हणजे ताईंच्या आत्याबाई, शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि शुक्रवारी अंबाबाईचा उपवास. ताई विचारतात, "प्लॅन घ्यावा का? आणि नको म्हटलं तर भावजींना वाटेल आम्ही चिंगूस आहोत, ते कसं निस्तरू?"

ताई, तुमचे मिस्टर आणि भावजी दोघंही बरोबर बोलतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. मिस्टर पैशाबद्दल बोलतायत आणि भावजी कटकटीबद्दल. तुम्ही दोन्ही एकत्र करून एकच प्रश्न विचारलाय म्हणून तो सुटेना झालाय. माझं उत्तर सांगून टाकते, तुमच्या घरासाठी प्लॅन नको. पण भावजींचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही, त्याच्यावर वेगळा उपाय आहे, तो पुढं सांगते.

आधी हा प्लॅन म्हणजे नक्की काय ते बघू, कारण भावजींनी फोनवर "सगळं जेवण त्यात येतं" असं सांगितलं असणार आणि ते तसं नाही. डिस्नी वर्ल्डचा डायनिंग प्लॅन २००५ साली सुरू झाला, कोविडात २०२० ला बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत आला. तो फक्त डिस्नीच्या हॉटेलात पॅकेज घेऊन राहणाऱ्यांना मिळतो. दोन प्रकार आहेत. एक क्विक सर्व्हिसचा, म्हणजे काउंटरवरून ट्रे घेऊन बसायचं तसला, त्यात माणशी दर रात्रीमागं दोन जेवणं, एक स्नॅक, आणि अख्ख्या मुक्कामाला मिळून हॉटेलात परत परत भरून घ्यायचा एक मग. दुसरा जरा मोठा, त्यात एक काउंटरचं जेवण, एक वेटर येऊन वाढतो तसलं टेबलावरचं जेवण, एक स्नॅक आणि तोच मग. हिशोब रात्रींवर होतो, दिवसांवर नाही. म्हणजे तुम्ही पाच रात्री राहणार पण पोटं सहा दिवस चालणार. सकाळचा चहा-नाष्टा धरला तर दिवसाला दोन जेवणं आणि एक स्नॅक यात आपलं माणूस बसत नाही, काहीतरी वरून घ्यावंच लागतं.

२०२४ साली प्लॅन परत आला तेव्हाचा रेट क्विक सर्व्हिसला मोठ्या माणसाला रात्रीला ५७.०१ डॉलर आणि लहान मुलाला २३.८३ डॉलर होता, आणि मोठ्या प्लॅनला ९४.२८ आणि २९.६९. त्यानंतर तो बदललाय त्यामुळं बुकिंग करताना चालू रेट बघायचाच, पण हिशोब समजायला हे आकडे चालतील. आता इथं पहिली मेख. डिस्नीच्या हिशोबात लहान मूल म्हणजे ३ ते ९ वर्षं. तुमची लेक ११ ची, म्हणजे ती मोठी बाई झाली! तिचे ५७ डॉलर. आणि दुसरी मेख अशी की एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, मुलांचा घेतला आणि आत्याबाईंचा सोडला असं चालत नाही. म्हणजे तुमचे चार मोठे आणि एक लहान, दिवसाला २५१.८७ डॉलर, पाच रात्रींचे साधारण १२५९. डॉलर हिशोबापुरता ८५ रुपये धरला तरी १ लाख ७ हजार रुपये. मोठा प्लॅन घेतला तर २०३४ डॉलर, म्हणजे पावणेदोन लाखाच्या जवळ. मिस्टर रस्सा मंडळाची आठवण काढतायत त्यात त्यांची काय चूक नाही.

पण नुसता आकडा मोठा आहे म्हणून प्लॅन वाईट असं म्हणता येत नाही, कारण तिथं बाहेर घेतलं तरी स्वस्त थोडंच आहे. आपण रंकाळ्यावर भेळ खायला जात नाही आहोत. खरा प्रश्न असा की हा ५७ चा आकडा कुणाचं खाणं डोळ्यासमोर ठेवून जमतो? जो माणूस दोन्ही जेवणाला चिकन नाहीतर बर्गर घेतो, प्रत्येक जेवणाबरोबर कोल्ड्रिंक किंवा बिअर घेतो (२१ वर्षांवरच्याला जेवणाबरोबरचं पेय म्हणून बिअर-वाईनसुद्धा प्लॅनमध्ये चालते), वर दुपारी मोठं आईस्क्रीम खातो आणि संध्याकाळी हॉटेलवर येऊन तो मग भरभरून सोडा पितो, त्याला तो आकडा जमतो. आता तुमच्या घरात असं माणूस कोण आहे ते बघा.

आत्याबाईंपासून सुरुवात करू. डिस्नीनं २०१९ पासून मेनूवर वनस्पतीजन्य पदार्थांना पानाचं चिन्ह लावायला सुरुवात केलीय, त्यात मांस, अंडं, दूध, मध काहीच नसतं, त्यामुळं त्यांच्यासाठी काहीतरी मिळतं हे नक्की, टेन्शन घेऊ नका. असा एक वाटीभर भात-भाजी-टोफूचा प्रकार साधारण १३ डॉलरला धरा. दोन वेळचे २६. पाणी फुकट. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते, पार्कात जिथं मशीनचं कोल्ड्रिंक मिळतं त्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की ग्लासभरून फुकट देतात, बाटली विकत घ्यायची गरज नाही. दुपारी एखादं फळ नाहीतर आईस्क्रीम ६ डॉलर. झाले ३२, त्यावर साडेसहा टक्के टॅक्स, ३४ डॉलर. आणि मी इथं धरलंय की आत्याबाई दोन्ही वेळा पूर्ण जेवतील, जे होणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथली डिश एवढी मोठी असते की आत्याबाई आणि नातू मिळून एकात भागेल. प्लॅनवर वाटून खाल्लं तर निदान एक क्रेडिट, म्हणजे आधीच पैसे भरलेलं एक जेवण, उरतं, पण ते कधीतरी कुणीतरी खाऊनच संपवावं लागतं, पैसे काय परत येत नाहीत.

तुमचं स्वतःचं तसंच, फक्त एक कॉफी जास्त धरली तर ३९ पर्यंत. लेकीचं पिझ्झा-पास्ता, एक कोल्ड्रिंक, एक आईस्क्रीम, ३७. मुलाचं लहान मुलांचं जेवण ९ च्या आसपास असतं, दोन आणि एक स्नॅक, २५-२६. गंमत बघा, मुलाचा प्लॅन २०२४ च्या रेटनं २३.८३ ला आहे, म्हणजे लहान मुलाचा प्लॅन तसा वसूल होतो. ज्यांच्या घरात नवरा-बायको दोघं आणि तीन ते नऊमधली दोन-तीन पोरं आहेत त्यांना प्लॅन परवडल्याचं ऐकाल तर ते खोटं नसतं, त्यांचं गणितच वेगळं आहे.

राहिले मिस्टर. त्यांचं दोन वेळा चिकन-बर्गर १५-१५, आणि दोन बिअर ११-११, एक स्नॅक, टॅक्स धरून ६२ पर्यंत जातात, म्हणजे ५७ चा प्लॅन त्यांना फायद्याचा! पण ताई मला खरं सांगा, आत्याबाई शेजारी बसल्यावर ते दुपारी साडेबाराला बिअर घेणार आहेत का? नाही ना. मग बिअरच्या जागी कोल्ड्रिंक धरलं की आले ते ४९ वर. आता सगळ्यांची बेरीज करा, दिवसाला १८५ डॉलरच्या आसपास होते. प्लॅन २५१ चा. दिवसाला ६५ डॉलरच्या वर फरक, पाच दिवसांचे ३३५ डॉलर, २८ हजार रुपये. एवढ्यात घरच्यांसाठी आणायची सगळी खरेदी होते आणि वर बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर भरायला पण उरतात.

कुणी म्हणेल, तो भरून घ्यायचा मग हिशोबात धरला नाही. बरोबर, तो वीसेक डॉलरचा असतो आणि पाच जणांचे पाच म्हणजे शंभर होतात. पण प्लॅन नसता तर तुम्ही पाच मग विकत घेतले असते का? फार तर एक, पोरांच्या हट्टापायी. शिवाय तो हॉटेलातल्या मशीनवरच भरता येतो, आणि तुम्ही तर दिवसभर पार्कात. सकाळी निघताना एकदा आणि रात्री पाय दुखत परत आल्यावर एकदा, एवढ्यासाठी शंभर डॉलरची किंमत मी तरी धरणार नाही.

आता शुक्रवार. आपल्याकडं कॉलेजची पोरं खानावळीत महिन्याचे पैसे भरतात तसाच हा प्रकार आहे, फरक एवढाच की खानावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर मालक खाडा धरतो, तेवढे पैसे वळते होतात. इथं खाडा नाही. आत्याबाईंनी शुक्रवारी काही खाल्लं नाही म्हणून त्यांचे ५७ डॉलर परत येत नाहीत. ती क्रेडिट्स दुसऱ्या दिवशी वापरता येतात, बुकिंगमधल्या दुसऱ्या कुणी वापरली तरी चालतात, त्या बाबतीत डिस्नीवाले कडक नाहीत, कुठल्या दिवशी किती खायचं याचं बंधन नसतं. पण हॉटेल सोडायच्या दिवशी रात्री बाराला उरलेलं सगळं शून्य. म्हणून शेवटच्या दिवशी लोक उरलेल्या स्नॅकच्या क्रेडिटवर दुकानातून चॉकलेट आणि बिस्किटांची पाकिटं गोळा करत फिरतात. भूक नसताना खायचं आणि गरज नसताना घ्यायचं, कारण पैसे भरलेत. आपल्या माणसांचा स्वभाव तर तुम्हाला ठाऊक आहे, "पैसे भरलेत ना, मग घे की अजून एक," असं म्हणत म्हणत मे महिन्याच्या फ्लोरिडातल्या उन्हात पोरांना तळलेलं खायला घालायचं आणि मग गरगर फिरणाऱ्या राईडवर बसवायचं. नको ते.

उपवासाचं खाणं तिथं मिळणार नाही, मिळेल असं धरून जाऊ नका. बटाट्याचे फ्राईज दिसतील पण तेच तेल चिकनला पण वापरलेलं असू शकतं आणि आत्याबाईंना ते कळलं तर पुढचे चार दिवस त्या काउंटरवरचं काहीच खाणार नाहीत. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खारवलेले शेंगदाणे इथूनच घेऊन जावा. आणि हो, हे महत्त्वाचं, डिस्नी वर्ल्डच्या पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं. आपल्याकडच्या पार्कांची सवय असल्यामुळं लोकांना हे खरंच वाटत नाही, गेटवर डबा काढून ठेवतील अशी भीती असते. काच नको, दारू नको, सुटा बर्फ नको, आणि तिथं गरम करून मागायचं नाही, एवढं पाळलं की भडंग, चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. अमेरिकेत उतरताना मात्र खाण्याच्या वस्तू आहेत असं फॉर्मवर नाहीतर विचारलं तर तोंडानं स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही, सुकं फराळाचं सामान सहसा सोडतात, पण मटणाचं काहीही आणि ताजी फळं अजिबात नकोत. मिस्टरांना सांगा, सुक्या मटणाचा डबा घरीच राहू दे.

दशम्या अटलांटाच्या घरातून करून न्यायचा विचार तुमच्या मनात येणार, मला माहीत आहे. एका दिवसाच्या करा, जास्त नको. जाऊबाईंना सुट्टीच्या आदल्या रात्री आठ जणांच्या पोळ्या लाटायला लावून तुम्ही वाचवलेल्या डॉलरचा त्यांना काय उपयोग? गाडीनं अटलांटाहून येताय म्हणजे वाटेत किंवा ऑर्लँडोत पोचल्यावर मोठ्या किराणा दुकानात थांबून ब्रेड, दूध, केळी, दही, पाण्याचा एक बॉक्स घेऊन टाका, खोलीत छोटा फ्रिज असतो. सकाळचं तेवढ्यात भागतं. इथून इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, तिकडं वीज १२० व्होल्टची असते, आपली किटली पाणी कोमट करत बसेल. ऑर्लँडोत भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, एका संध्याकाळी पार्कातून लवकर निघून आत्याबाईंना गरम वरण-भातासारखं काहीतरी खायला घाला, त्यांचा पुढचा दिवस चांगला जाईल. आणि गाडी आहे म्हणूनच प्लॅन आणखी नको, कारण तो डिस्नीच्या हद्दीबाहेर चालत नाही, बाहेर जेवलात की भरलेले पैसे आणि दिलेले पैसे दोन्ही तुमचेच.

आता मोठ्या प्लॅनबद्दल, कारण पोरांनी मिकी माऊसबरोबर जेवायचं खूळ घेतलं असणार. तसली जेवणं असतात, बुफे असतो, मिकी-मिनी टेबलाशी येऊन फोटो देतात, आणि मोठ्या माणसाला साठ डॉलरच्या वर पडतं. रोज असलं एक जेवण घेतलंत तर मोठा प्लॅन जवळपास वसूल होतो, मुलाच्या बाबतीत तर चांगलाच फायदा होतो, हे मी मान्य करते. पण रोज? पाच दिवस? एका बैठकीत दीड तास जातो, जागा ६० दिवस आधी बुक करावी लागते (डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना आल्याच्या दिवसापासून ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतची एकदम करता येते, ही सोय चांगली आहे), आणि आयत्या वेळी गेला नाहीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर दंड. शिवाय टीप प्लॅनमध्ये नाही. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के आपोआप बिलात लावतात, आणि तुम्ही आठ. बिल ४०० डॉलरचं झालं तर ७२ डॉलर टीप, प्लॅन असला तरी वरून द्यायची. सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायचं असेल तर एका जेवणाला दोन क्रेडिट जातात, ते वेगळंच. ऐका माझं, असलं जेवण एकदाच घ्या, पैसे देऊन घ्या, नाष्ट्याचं मिळालं तर नाष्ट्याचं घ्या, पोरांचं समाधान होतं आणि आत्याबाईंना पण एकदा मोठ्या कानाच्या उंदराबरोबर फोटो मिळतो जो त्या गल्लीत सगळ्यांना दाखवतील.

आणखी एक ठिकाण सांगते, खास आत्याबाईंसाठी. ॲनिमल किंगडम लॉज म्हणून डिस्नीचं हॉटेल आहे, त्याच्या किडानी व्हिलेज भागात सना नावाचं रेस्टॉरंट आहे, भारतीय आणि आफ्रिकन चवीचं, खिडकीतून बाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. तिथला नावाजलेला प्रकार म्हणजे नान आणि तशाच भाकरी-रोट्या, बरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-रायती. आपल्या खरड्याची सर कशाला येणार नाही म्हणा, पण पाच दिवस टोफू खाल्ल्यावर ते बघून आत्याबाईंचा चेहरा खुलेल. आणि आता गंमत ऐका, तो प्रकार स्टार्टरमध्ये मोडतो, आणि मोठ्या प्लॅनच्या टेबलावरच्या जेवणात मेन डिश, गोड आणि पेय धरलंय, स्टार्टर धरलेला नाही. म्हणजे आत्याबाईंना अख्ख्या डिस्नीत जे सगळ्यात जास्त आवडेल तेच नेमकं प्लॅनच्या बाहेर. डिस्नीच्या एपकॉट नावाच्या पार्कात अकरा देशांचे मंडप आहेत, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को सगळे, आपला एकही नाही, त्यामुळं तिथं नावावर जाऊन शोधू नका.

आता भावजी. मला वाटतं तुम्ही त्यांना थोडं चुकीचं वाचताय. त्यांना हिशोबाचा कंटाळा आहे असं तुम्ही धरलंय, पण ते बारा महिने तिथंच राहतात, त्यांना कार्ड घासायचा कसला ताप? त्यांना भीती वेगळी आहे. दर जेवणाला दोघं भाऊ काउंटरवर उभे राहून "ठेव, मी देतो," "अरे नाही, मीच देतो," करणार, मागं लाईन लागणार, आणि त्याच्याही पुढं म्हणजे त्यांची आई बोर्डावरचा आकडा वाचून त्याला मनातल्या मनात ८५ नं गुणणार आणि म्हणणार, "अकराशे रुपयाची एक वाटी? मला भूक नाही रे बाबा." मग ती माऊली दिवसभर दोन केळ्यांवर राहणार आणि मुलाच्या जिवाला घोर. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, आई आली की सगळ्यात मोठा त्रास हा असतो. एकदा पैसे भरून टाकले की आई खाईल, म्हणून ते प्लॅन प्लॅन करतायत. हे कारण खरं आहे आणि त्याला किंमत आहे. २८ हजाराची आहे का हा मुद्दा आहे.

आणि ती सोय प्लॅनशिवाय होते. डिस्नीचं गिफ्ट कार्ड मिळतं, ते पार्कात, हॉटेलात, दुकानात सगळीकडं चालतं. दोन्ही घरांनी मिळून जेवणाची वर्गणी काढा, तुमच्या पाच जणांचे दिवसाला १८५ धरा, त्यात एक मिकीचं जेवण आणि एक सनाचं जेवण टिपेसकट मिळवा, भावजींच्या तिघांचं त्यांनी धरावं, आणि सगळी रक्कम आधीच कार्डांवर भरून ठेवा. कार्ड धरायला द्या तुमच्या लेकीकडं. डिस्नीनं तिला मोठी ठरवलंय ना, मग करू दे काम. ऑर्डर फोनच्या ॲपवरून आधी देता येते, म्हणजे आत्याबाईंना बोर्ड बघायची वेळच येत नाही, कुणीतरी एकानं काउंटरवरून ट्रे आणून टेबलावर ठेवायचा, आणि किंमत विचारली तर "कधीच भरलेत आजी" एवढं सांगायचं, त्यात खोटं काही नाही. कुणी बिलावरून भांडायचं नाही, पैसे आधीच दिलेले असल्याचं समाधान पण मिळतं, आणि उरले तर ते रात्री बाराला बुडत नाहीत, शेवटच्या दिवशी त्यातून पोरांना टोप्या घ्या नाहीतर भावजींकडं ठेवून द्या, ते तिघं परत जातीलच की.

भावजींना सांगताना "महाग आहे" हा शब्दच काढू नका. तो काढला की ते म्हणणार, "मी भरतो, तुम्ही नका काळजी करू," आणि मग तुमच्या मिस्टरांचा चेहरा पडणार, आणि सहलीच्या आधीच दोघांत ताण. सरळ आत्याबाईंचं नाव घ्या. "भावजी, आईंचं खाणं तुम्हाला माहीतच आहे, शुक्रवार असतो, दोन घासात पोट भरतं, त्यांच्यासाठी वेगळं हॉटेल पण बघावं लागणार, प्लॅनमध्ये बांधून घेतलं तर तेच अवघड होईल, त्यापेक्षा कार्डात भरू या सगळे मिळून." यात चिंगूसपणाचा संबंधच येत नाही, आणि कुठला मुलगा आईच्या खाण्यावरून वाद घालेल? त्यांना स्वतःच्या तिघांसाठी घ्यायचाच असेल तर त्यांच्या खोलीचं बुकिंग वेगळं असणार, त्यांनी त्यावर खुशाल घ्यावा, तुमच्या बुकिंगला त्याची सक्ती नाही.

डिस्नीच्या हॉटेलाऐवजी बाहेर किचनवालं घर भाड्यानं घ्यावं असं पण कुणीतरी सुचवेल, आठ जणांना ते स्वस्त पडतं हे खरं आहे. पण मग गॅससमोर कोण उभं राहणार ते आधी ठरवा आणि ठरवताना दोन्ही भावांना समोर बसवा.

आता माझं मत कधी बदलेल ते पण सांगते. डिस्नी मधूनमधून ऑफर काढते, कधी मुलांचा प्लॅन फुकट, कधी पूर्ण किमतीच्या पॅकेजवर सगळ्यांचाच फुकट. तसलं काही तुमच्या तारखांना मिळालं तर परत हिशोब करा, फक्त एक बघा की त्याच तारखांना खोलीवर सूट असते आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम मिळत नाही, मग खोलीची सूट मोठी की फुकटचा प्लॅन मोठा हे वजाबाकी करून बघायचं. बुकिंगच्या दिवशी भावजींकडून चालू रेट घ्या, माझ्या ५७ आणि २३ च्या जागी ते टाका, ॲपवर मेनू किमतीसकट दिसतो तो उघडून प्रत्येकाचं दिवसाचं खाणं लिहून काढा, आत्याबाईंचं त्यांना विचारूनच लिहा. तुमच्या पाच जणांचा फरक दिवसाला २० डॉलरच्या आत आला तर प्लॅन घेऊन टाका, भावजींचं मन राहील. ५० च्या वर गेला तर कार्ड. मधे कुठंतरी आला तर मिस्टरांना विचारा, बिअरचं नक्की काय ठरलंय.